काना, मात्रा आणि कार्ल्याची लेणी

पहिलीतलं मूल ‘लोणावळा’ लिहिताना पुटपुटत असतं: ‘ल’ला काना-मात्रा, ‘ण’ला काना, ‘व’, ‘ळ’ला काना. मराठीत ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेहून जास्त रूपं होतात. ती सुटी सुटी पाठ करणं कुणालाच झेपणार नाही. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार नावानिशी ओळखता आले, की न शिकवलेलं अक्षरही मूल स्वतः जुळवून वाचतं.

खरी अडचण रफाराची. लोणावळ्याशेजारच्या ‘कार्ला’ गावाचंच नाव घ्या. तोंडातून ‘र्’ आधी निघतो, मग ‘ला’. कागदावर मात्र तो ‘ला’च्या डोक्यावर जाऊन बसतो. पहिल्या वेलांटीचं उलट: ‘कि’मध्ये खूण डावीकडे, उच्चार मागाहून. मूल ‘र्काला’ लिहितं तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. कानाचा क्रम आणि डोळ्यांचा क्रम जुळत नसतो. अशा वेळी लाल शाईपेक्षा टाळी वाजवत ‘कार्-ला’ असं तोडून म्हणून घेणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

व्यंजनाला स्वराची खूण जोडण्याची ही युक्ती फार जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत शिरोरेघ नाही, पण स्वरांच्या खुणा अक्षरांना अशाच चिकटलेल्या आहेत. इकाराची खूण अक्षराच्या माथ्यावर. चौथीची सहल लेण्यांकडच्या एकवीरा देवीच्या पायऱ्या चढून गेली, की भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा तिथला लेख मुलांना जरूर दाखवावा आणि त्यातल्या वेलांट्या शोधायला लावाव्यात.