बसलेला गडी

प्राथमिक शाळेची परीक्षा वर्गातील फळ्यावरून न करता तिच्या पटांगणावरून करावी, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. आणि ज्या पटांगणावर खो-खोच्या पाट्या आखलेल्या दिसतात, त्या शाळेविषयी माझ्या मनात तत्काळ आदर उत्पन्न होतो.

तसे पाहता खेड्यातील शाळेत उपक्रमांची वाण नाही. बालसभा, परसबाग, हरित सेना, कब-बुलबुलांची पथके, लेझीम, लंगडी, कबड्डी. शिवाय केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या स्पर्धा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने क्रीडांगणही आवश्यक ठरविले. हे सर्व आपापल्या जागी उचितच होय.

परंतु खो-खोची योग्यता निराळी. दोन खांब आणि थोडी फक्की एवढ्यावर त्याचे भागते, हा त्याचा नेहमीचा गौरव यथार्थ असला, तरी त्याचे खरे मर्म त्याच्या रचनेत आहे. २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदानाच्या मध्यपाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. या नवव्याला एकदा घेतलेली दिशा खांब ओलांडल्यावाचून बदलता येत नाही, मध्यपाटी ओलांडण्याची तर त्याला सर्वथा मनाई. उलट पळणाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या. त्यामुळे पाठलाग करणारा कितीही चपळ असला, तरी एकट्याच्या बळावर त्याला गडी क्वचितच बाद करता येतो. योग्य क्षणी योग्य सोबत्याच्या पाठीशी जाऊन ‘खो’ देणे आणि स्वतः त्याच्या जागी मुकाट्याने बसणे, यातच त्याचा पराक्रम.

माण तालुक्यातील एका दुशिक्षकी शाळेत हा खेळ पाहावयास मी मुद्दाम गेलो होतो. बाभळीचे दोन सोट तासून गुरुजींनी खांब केले होते आणि फक्कीच्या अभावी चुलीच्या राखेने पाट्या आखल्या होत्या. चौथीतील एक किरकोळ अंगाची मुलगी एकेरी साखळी खेळत होती. बसलेल्या प्रत्येक गड्याला वळसा घालावा, पाठलाग करणारा निकट येताच खांदा डावीकडे झुकवावा आणि पाऊल मात्र उजवीकडे टाकावे, अशी तिची हुलकावणी. तथापि माझी दृष्टी खिळली ती तिसऱ्या चौकोनात बसलेल्या, धावण्यात मंद समजल्या जाणाऱ्या मुलावर. बोटांची टोके जमिनीला टेकलेली, एक पाऊल पुढे, टाचा उचललेल्या, नजर त्या मुलीच्या पावलांवर. पाठीला हात लागून कानी ‘खो’ पडताच तो उठला, तो थेट तिच्या वाटेतच; आणि दुसऱ्या पावलाला त्याने तिला शिवले. पळणे शिकविण्यापेक्षा बसणे शिकविण्यास अधिक काळ लागतो, असे त्या गुरुजींचे म्हणणे. आणि ते मला सर्वस्वी मान्य आहे.

हा खेळ आज शाळेच्या पटांगणापुरता उरलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमबद्ध केले आणि १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याच्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला भरलेल्या पहिल्या विश्वचषकात पुरुष व महिला ही दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळविली, तेव्हा नेतृत्व अनुक्रमे प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते.

या यशाने आनंद होतो, पण त्याबरोबर एक चिंताही आहे. तालुक्याची ढाल आणण्याच्या नादात निवडक मुलेच वर्षभर घोटली जातात आणि उरलेला पट कडेला उभा राहून टाळ्या वाजवितो. ज्या खेळात सर्वांत मंद मुलावाचून सर्वांत चपळ मुलाचे अडते, त्याच खेळातून मंद मुलाला वगळणे हा त्या खेळाचाच अव्हेर होय. आठवड्यातून निदान दोन तासिका सबंध शाळेसाठी राखाव्यात, संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, मुले-मुली एकत्र खेळवावीत. आणि तपासणीस येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी कपाटातील ढाली मोजण्यापूर्वी, पटावरील किती मुलांना या आठवड्यात ‘खो’ मिळाला, एवढी चौकशी अवश्य करावी.