खळाळत्या पाण्यातील कॅनो : संमिश्र पदार्थांचे सामर्थ्य आणि टिकाऊपणा

प्रस्तावना :

वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने हाकली जाणारी कॅनो ही उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची देणगी होय. भूर्जवृक्षाच्या सालीपासून बनविली जाणारी ही नाव पुढे लाकूड व कॅनव्हास, दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम आणि त्यानंतर काचतंतूंनी प्रबलित प्लॅस्टिक अशा टप्प्यांतून गेली. सरोवरातील कॅनोसाठी पदार्थाची निवड मुख्यतः वजन व किंमत यांवरून होते. खडकाळ व वेगवान नदीत मात्र हीच निवड वल्हविणाऱ्याच्या जिवाशी निगडित असते. अशा नद्यांत कोणता पदार्थ टिकतो व का टिकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रवाहाचा भार :

कॅनो आडवी होऊन खडकावर अडकली आणि तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेने वळले, तर ती क्षणात पाण्याने भरते. पाच मीटर लांब व चाळीस सेंटिमीटर खोल नावेचे सुमारे दोन चौरस मीटर क्षेत्र तेव्हा प्रवाहासमोर येते. सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहणारे पाणी या क्षेत्रावर साधारणपणे ९,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९०० किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. वेग दुप्पट झाल्यास हा भार चौपट होतो. एवढ्या भाराखाली नाव खडकाभोवती घडी पडल्यासारखी वाकते. त्या वेळी वल्हविणाऱ्याचे पाय आत असतील तर तो घडीतच अडकण्याचा धोका असतो. म्हणून येथे टिकाऊपणा म्हणजे केवळ नाव किती वर्षे वापरता येते एवढेच नव्हे, तर ती कशा रीतीने निकामी होते, हेही होय. ॲल्युमिनियमची नाव खडकावर सरकण्याऐवजी चिकटून बसते व रिव्हेटांच्या ओळीवर फाटते, हा तिचा मोठा दोष मानला गेला.

तंतूंचे गुणधर्म आणि थरांची रचना :

संमिश्र पदार्थात भार तंतू पेलतात, तर रेझीन त्यांना जागेवर धरून ठेवते. विक्रीपत्रकांत सर्वाधिक भर तंतूच्या ताणसामर्थ्यावर दिला जातो. परंतु खडकाच्या आघाताचा विचार करताना हा निकष अपुरा ठरतो. तुटण्यापूर्वी पदार्थ किती ताणला जातो, म्हणजेच त्याची विकृतिक्षमता किती, हे अधिक महत्त्वाचे आहे. कारण आघाताची ऊर्जा त्यातूनच शोषली जाते. कार्बनतंतू अतिशय ताठ व हलका असला तरी साधारण दीड ते दोन टक्के ताणातच तुटतो आणि तोही पूर्वसूचना न देता. ई-काचेचा तंतू जड असूनही चार टक्क्यांहून अधिक ताण सहन करतो. स्वस्त काचतंतू येथे महागड्या कार्बनवर मात करतो, ही बाब प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते.

मात्र काचेची ही क्षमता रेझीनवर अवलंबून असते. साधे पॉलिएस्टर रेझीन दोन टक्क्यांच्या आसपासच तडकते. मग सूक्ष्म भेगांतून पाणी शिरते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि तंतूची उरलेली क्षमता वाया जाते. व्हिनिलेस्टर व इपॉक्सी अधिक ताण सहन करीत असल्याने चांगल्या नावांसाठी त्यांचाच वापर होतो. कोकण किनाऱ्यावरील ‘फायबर’च्या होड्याही काचतंतू व रेझीन यांच्याच असतात, पण त्यांना खडकाचे असे वारंवार आघात सोसावे लागत नाहीत, त्यामुळे तेथे हा भेद तितकासा जाणवत नाही.

केव्हलार या तंतूचा शोध स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत लावला. ताणात तो असामान्य असला तरी दाबात दुर्बळ आहे. दाब येताच त्याच्या अंतर्गत रचनेला मुरड पडते. खडक बाहेरून आदळला की भिंत आत वाकते. आघाताच्या जागी बाहेरील पृष्ठ दाबले जाते व आतील पृष्ठ ताणले जाते. म्हणून जाणकार कारागीर केव्हलार आतल्या बाजूस आणि काचकापड बाहेर ठेवतो. हेच थर उलटे घातले तर तेवढ्याच साहित्याची नाव कमकुवत ठरते. शिवाय बाहेर आलेला केव्हलार घासला गेल्यास गुळगुळीत न होता पिंजल्यासारखा होतो, आणि असा पृष्ठभाग सहज घासूनही काढता येत नाही.

रॉयलेक्सचा उदय व अस्त :

१९७० च्या दशकापासून खळाळत्या पाण्यात प्रभुत्व राहिले ते युनिरॉयल कंपनीने विकसित केलेल्या रॉयलेक्सचे. हा तंतुमय पदार्थ नव्हे. मध्ये एबीएस प्लॅस्टिकचा फेस, दोन्ही बाजूंस घन एबीएस आणि त्यावर व्हिनिलचे आवरण अशी त्याची थरांची रचना होती. एबीएसमधील रबराचे सूक्ष्म कण भेग पुढे सरकू देत नाहीत, तर फेसाचा गाभा चेपून ऊर्जा शोषतो. खडकाभोवती दुमडलेली रॉयलेक्सची नाव बाहेर काढून उन्हात ठेवली असता बव्हंशी मूळ आकारात येते. वळ्या राहतात, पण प्रवास पुरा करता येतो. दुर्गम नदीवर या गुणाचे मोल वजनातील बचतीपेक्षा निश्चितच अधिक आहे. अर्थात दोषही होते. व्हिनिल टोकांपाशी लवकर झिजे. कडाक्याच्या थंडीत एबीएस लाकडी काठपट्ट्यांपेक्षा अधिक आकसून तडके, म्हणून हिवाळ्यापूर्वी त्यांचे स्क्रू सैल करावे लागत.

या पदार्थाचा अंत मात्र झिजेने झाला नाही. २०१३ मध्ये पॉलीवन कंपनीने रॉयलेक्सची उत्पादक असलेली स्पार्टेक कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. अनेक कारखाने एकाच पुरवठादाराच्या पत्र्यांवर अवलंबून होते. त्यांची प्रचलित प्रारूपे एकाएकी बंद पडली. त्यानंतर क्वेबेकमधील एस्किफ या कॅनोनिर्मात्याने एबीएसच्याच गाभ्यावर आधारलेला टी-फॉर्मेक्स हा पर्याय बाजारात आणला. इतर काहींनी तीन थरांच्या पॉलिएथिलीनचा मार्ग पत्करला. ते आघात उत्तम सोसते, पण नाव जड होते आणि त्यावर साधे गोंद वा रेझीन धरत नसल्याने नदीकाठी दुरुस्ती अवघड जाते. काच-केव्हलारची नाव फाटली तर कापडाचा तुकडा, इपॉक्सी आणि कोरडे हवामान एवढ्यावर ती पुन्हा पाण्यात उतरते.