दोन आकड्यांच्या मधोमध

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना ग्वाल्हेरहून गाण्याबजावण्याचं काही हवं होतं. ‘नाहीतर राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी ती चांदीची आगगाडी तरी,’ त्या म्हणाल्या. त्या आगगाडीवर लिहून लिहून लोकांनी तिचे रूळ झिजवलेत. मी लष्कर भागातल्या एका गॅरेजात जाऊन बसलो, कारण त्या आठवड्यात माझ्या भाच्याचा मुक्काम तिथंच होता. त्याला त्याची केटीएम आरसी ३९० मोटारसायकल घेऊन ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला, जायचं होतं, आणि त्याआधी सस्पेन्शन ‘सेट’ करून हवं होतं. पुण्याची मंडळी शॉकअप म्हणतात, आम्ही शॉकर म्हणतो. खड्ड्यांचं दुःख दोन्हीकडे सारखंच.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. तिच्या सस्पेन्शनवरचं डब्ल्यूपी म्हणजे विम पीटर्सनी १९७७ साली नेदरलँड्समध्ये काढलेली ‘व्हाइट पॉवर’, पांढऱ्या स्प्रिंगांमुळे ओळखली जाणारी. ती पुढे केटीएमच्या घरात गेली. आपल्याकडच्या केटीएम चाकणला बनतात, आणि डब्ल्यूपीच्या तंत्रानं त्यांचे शॉकर बनवते वाळूजची एंड्युरन्स. ऑस्ट्रियाचं नाव आणि मराठवाड्याचा घाम.

गॅरेजवाले काका मराठी घरातले, पण पान्याशी हिंदीत बोलतात. भाचा आला तोच क्लिकांचे, म्हणजे स्क्रू किती खाचा फिरवायचा त्याचे, आकडे पाठ करून. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, कॉम्प्रेशन इतकं, रिबाउंड तितकं. काकांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून शिंप्याची टेप काढली.

“पहले नाप. नंतर बोलू.”

आधी पुढचं चाक हवेत उचललं. फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकरची, चकचकीत नळी डस्ट सीलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंत १२८ मिलिमीटर भरली. मग भाचा लेदर सूट, बूट, हेल्मेट असा सगळा जामानिमा करून गाडीवर बसला. मागून मला गाडी सरळ धरायला लावलं. काकांनी हँडल खाली दाबलं, हळूच सैल सोडलं आणि मोजलं: ८६. मग तेच हँडल वर उचललं, अलगद बसू दिलं आणि मोजलं: ९४.

माणूस तोच, गाडी तीच, जमीन तीच. मला वाटलं टेप घसरली. काकांनी पुन्हा दोन्ही करून दाखवलं, आकडे तेच. नळी सीलमध्ये घासते. खालून वर येताना गाडी जरा खालीच अडकते, वरून खाली येताना जरा वर. खरा आकडा दोन्हींच्या मधला, ९०. म्हणजे स्वार बसल्यावर फोर्क ३८ मिलिमीटर दबतो. यालाच सॅग म्हणायचं. आणि मधला आठाचा फरक म्हणजे निव्वळ घर्षण. तो वाढत गेला तर सील सुकलंय, नळीवर धूळ बसलीय किंवा चाकाचा आस वाकडा कसलाय. एकदाच मोजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मी त्या दिवशी तीन वेळा ते दाबणं-उचलणं करून पाहिलं, भाचा कंटाळेपर्यंत.

ट्रॅकसाठी सॅग तीस-पस्तीसच्या आसपास हवा. मागं सोय आहे: सी-पान्यानं चकती फिरवली की प्रीलोड वाढतो, गाडी उचलली जाते. “स्प्रिंग कडक झाली,” भाचा म्हणाला. “स्प्रिंग तेवढीच आहे बेटा, तू तिला आधीच दाबून ठेवलंस,” काका म्हणाले. पुढं मात्र प्रीलोडची चकतीच नाही. डाव्या नळीवर कॉम्प्रेशन, म्हणजे दबण्याला आवर, उजवीवर रिबाउंड, म्हणजे परत वर येण्याला आवर, प्रत्येकी तीस क्लिक. दोन्ही आतल्या तेलाची वाट अरुंद-रुंद करतात. वजन पेलणं हे त्यांचं काम नाही.

क्लिक मोजायचे ते पूर्ण बंद केल्यावर उलटे. एका वेळी एकच फिरवायचं आणि वहीत लिहायचं. रिबाउंडची परीक्षा सोपी: दाबून सोडलं की फोर्कनं एकदा वर येऊन गप्प बसावं. डुलला तर मोकळा आहे. फार सावकाश आला तर त्याहून वाईट, कारण पहिल्या उंचवट्यातून सावरण्याआधीच दुसरा येतो आणि फोर्क दर वेळी आणखी खाली बसत जातो.

बाकी अडचणी गॅरेजाबाहेरच्या. सर्किट इथून तीनशे किलोमीटरवर: मोरेना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा, मग यमुना एक्स्प्रेसवे. टेम्पो परवडत नाही, तेव्हा ज्या गाडीनं ट्रॅक मारायचा तिच्यावरच बसून जायचं. म्हणजे रस्त्याचं सेटिंग वेगळं, ट्रॅकचं वेगळं, आणि परतताना पुन्हा मूळ. चंबळची बारीक धूळ सीलची दुश्मन. उन्हाचं तर विचारूच नका. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्धवर मोटोजीपी झाली तेव्हा उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली होती. तेल तापलं की पातळ होतं, आणि सकाळी बरोबर बसलेला क्लिक दुपारी सैल वाटतो. मागच्या शॉकरमध्ये नायट्रोजन असतो. तो भरायची सोय या गॅरेजात नाही.

आणि भाच्याचं वजन. रोज सकाळी बेडई-जलेबी खाऊन तो ९२ किलोचा झालाय, वर दहा किलोचा जामानिमा. काकांनी कॉम्प्रेशन दोन क्लिक आवळलं, फोर्कच्या नळीला एक केबल टाय बांधला आणि बजावलं, याला हात लावायचा नाही. फोर्क जिथवर दबेल तिथवर टाय ढकलला जातो आणि तिथंच राहतो.

सोमवारी भाचा परत आला, नाक सोललेलं, चेहरा खूश. लांब सरळ पट्टीच्या शेवटी ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते, हे मात्र त्यानं स्वतःहून सांगितलं. काका खाली वाकले. टाय थेट क्लॅम्पला टेकला होता.

“क्लिक संपले नाहीत अजून,” भाचा म्हणाला.

“क्लिकांनी होणार नाही. स्प्रिंग बदल. दोन्ही.” काकांनी वहीत लिहिलं, किंमत बोटांवर मोजली आणि सांगितली.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. “मामा, त्या लेखाचे पैसे कधी येतात?”