भविष्यकथनाचे जुने खेळ : संग्रह, नियमपत्रिका आणि संहिता

भविष्यकथनाचे जुने बैठे खेळ संग्राहकाच्या हाती येतात तेव्हा चित्रे बहुधा शाबूत असतात. खेळ कसा मांडावा हे सांगणारा कागद मात्र हरवलेला असतो. हा कागद गौण नसून खेळाचा प्रकार तोच निश्चित करतो, हे ‘आशेचा खेळ’ या जर्मन पत्त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

योहान कास्पार हेख्टेल याने रचलेला हा खेळ न्यूरेंबर्ग येथे १७९९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ३६ क्रमांकित पत्ते सहा-सहांच्या सहा ओळींत मांडावयाचे, दोन फाशांच्या दानानुसार सोंगटी चालवावयाची आणि ३५ व्या पत्त्यावरील नांगर गाठणाऱ्याने डाव जिंकावयाचा, असा हा मूलतः शर्यतीचा पट होय. नांगर हे ख्रिस्ती परंपरेतील आशेचे चिन्ह असल्याने खेळाच्या नावाचा उलगडा येथेच होतो. नियमपत्रिकेत भविष्यकथन येते ते केवळ जोड-करमणूक म्हणून. तेच पत्ते पाच ओळींत मांडावे आणि पुरुषासाठी २८ व्या, स्त्रीसाठी २९ व्या पत्त्यापासून आरंभ करून भोवतालच्या चित्रांवरून गमतीची कथा रचावी, असे ती सुचविते.

पॅरिसमधील ख्यातनाम भविष्यवेत्ती मारी आन लनोर्मां (१७७२-१८४३) हिच्या निधनानंतर हीच चित्रमालिका तिच्या नावाने विकली जाऊ लागली. फासे व सोंगट्या गळाल्या आणि जोड-करमणूक हाच मुख्य उपयोग ठरला. चित्रे व त्यांचे क्रमांक कायम राहूनही वाचनसंकेत पालटला. त्याबरोबर कर्तृत्वही दुसऱ्याकडे गेले.

मूळ संबंध पुढे अभ्यासकांना उलगडता आला, तो पत्त्यांसह नियमपत्रिका जपली गेल्यामुळे. ब्रिटिश म्युझियममधील ही प्रत लेडी शार्लट श्रायबर (१८१२-१८९५) यांच्या पत्तेसंग्रहातील आहे. वेल्श ‘मॅबिनोगिअन’चा इंग्रजी अनुवाद १८३८ पासून शार्लट गेस्ट या नावाने प्रसिद्ध करणाऱ्या विदुषी त्याच होत.

भारतीय परंपरेतील ‘रामशलाका प्रश्नावली’ येथे तुलनेस घेता येते. तिच्या २२५ घरांतील अक्षरे सलग वाचल्यास अर्थबोध होत नाही. निवडलेल्या घरापासून दर नववे अक्षर घेत गेल्यास मात्र ‘रामचरितमानसा’तील नऊ चौपायांपैकी एक सिद्ध होते. तेथे नियम हरवला तर अर्थच नाहीसा होतो. ‘आशेच्या खेळा’त तसे घडत नाही. नियमाविना चित्रे मूक होत नाहीत, ती दुसराच अर्थ स्वीकारतात. म्हणूनच हा लोप सहसा ध्यानात येत नाही.

अशा वस्तूंच्या सूचीत ‘लनोर्मां पत्ते’ एवढीच नोंद केल्यास बाजारातील नावालाच कर्त्याचे स्थान मिळते. रचनाकार, मूळ उपयोग, उत्तरकालीन उपयोग आणि नियमपत्रिका आहे की नाही, या चार बाबींची स्वतंत्र नोंद झाल्यासच असा संग्रह तौलनिक अभ्यासाचे विश्वसनीय साधन ठरू शकतो.