ओट्सचं धिरडं आणि हिरवं पडलेलं जांभूळ

बाबांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि घरात ओट्सचा डबा आला. पहिल्या दिवशी आईनं ते दुधात शिजवून दिले. बाबांनी दोन चमचे खाल्ले, तिसरा वाटीतच फिरवत राहिले आणि म्हणाले, "बुळबुळीत आहे गं. आजारी माणसाचं जेवण वाटतं." डबा फडताळात मागे सरकला. पुढे आला तो एका रविवारी, माझ्या मुलीनं पॅनकेकचा हट्ट धरला तेव्हा. आईनं भांड्यात डोकावून नाव बदलून टाकलं : "हे तर ओट्सचं धिरडं!"

धिरडं म्हटल्यावर आमची भीड चेपली. ज्वारीचं, बेसनाचं धिरडं, तांदळाचं घावन या तव्यावर किती वर्षं होतंय. पण ओट्सनं पहिल्याच दिवशी हिसका दाखवला. मिक्सरमधून काढलेलं पीठ ताकात कालवलं तेव्हा पळीवरून छान ओघळत होतं. तवा तापेपर्यंत, दहाएक मिनिटांत, ते आळून गोळा झालं. पाणी घातलं, पुन्हा आळलं. वर बोटाला लावून बघावं तर भेंडीसारखी तार. बाबांची तक्रार आणि आमची अडचण, दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ होता : बीटा-ग्लुकान.

पिठातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. बीटा-ग्लुकानही तेच, मणी तेच, फक्त दोन मण्यांमधली गाठ निराळी. ही गाठ सोडवणारं विकर माणसाच्या पोटात नाही. कापसातल्या सेल्युलोजमध्येही हीच गाठ असते, पण कापूस काही पाण्यात बुळबुळीत होत नाही. कारण सेल्युलोजच्या माळा सरळसोट असतात, एकमेकींना चिकटून दाटीवाटीनं बसतात आणि पाण्याला आत शिरकाव मिळत नाही. बीटा-ग्लुकानमध्ये दर तीन-चार मण्यांनंतर एक गाठ वेगळ्या कोनात पडते. माळेला मुरड बसते, माळा घट्ट रचल्या जात नाहीत, मधल्या फटींत पाणी घुसतं. मग त्या लांबच लांब माळा पाण्यात पसरून एकमेकींत गुंततात आणि ताक घट्ट होतं. हा पदार्थ दाण्याच्या पेशींच्या भिंतींमध्ये असतो. मिक्सर त्या भिंती फोडतो, म्हणून अख्ख्या पोह्यांपेक्षा दळलेले ओट्स फार लवकर आळतात.

पोहे म्हटलं ते उगाच नाही. डब्यातले ओट्स म्हणजे ओटच्या दाण्याचे पोहेच, आणि ते कच्चे नसतात. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं हे आपल्याला माहीत आहे. दाण्यातल्या तेलाचे तिथलंच विकर तुकडे करतं. ओटमध्ये बाजरीइतकंच, कधी जास्तच तेल आणि ते फोडणारं विकर भलतं तल्लख. दळला की खवट झालाच. म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ देऊन ते विकर आधीच निकामी करतात, मग रुळाखाली चपटा करतात. या वाफेत स्टार्चही अर्धवट शिजतो आणि पाणी प्यायला टपून बसतो. आळण्याचा दुसरा गुन्हेगार तो.

तसं हे धान्य पीक म्हणून उशिराच पुढे आलं. गहू आणि जवाच्या शेतात ते तण म्हणून उगवायचं. उत्तरेच्या थंड, ओलसर भागांत गहू हरला आणि तण तगलं, तेव्हा लोकांनी ते पीक म्हणून घेतलं. आपल्याकडे आजही ओट मुख्यतः गुरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं त्यासाठी वाणही काढलं आहे. बाबांना हे सांगितलं नाही.

पॅनकेकच्या पाककृतींमध्ये एक सूचना हमखास असते : मिश्रण फार फेटू नका, पॅनकेक वातड होतील. मैद्यासाठी ती बरोबर आहे, कारण फेटल्यानं ग्लुटेनचं जाळं आवळत जातं. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाहीच. मैद्याच्या पाककृतीत मैदा खोडून ओट्स लिहिले आणि सूचना तशीच राहिली, असं माझं मत. इथे खरी गरज आहे ती थांबण्याची. पंधरा मिनिटं पीठ झाकून ठेवा, त्याला हवं तेवढं आळू द्या, आणि मगच ताक घालून सैल करा. सुरुवातीलाच पातळ झालं म्हणून आणखी पीठ टाकलंत तर तव्यावर विटा पडतील.

ग्लुटेन नाही तर धिरडं एकसंध कशानं राहतं? एक अंडं ते काम करतं. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या पुढे गोठू लागतो आणि ऐंशीच्या आसपास घट्ट होतो. त्याच सुमाराला स्टार्च फुगून शिजतो. अंडं नको असेल तर दोन चमचे बेसन घाला, त्यातली प्रथिनंही तापल्यावर धरून ठेवतात. आमचं सध्याचं माप असं : एक कप ओट्स, म्हणजे साधारण ९० ग्रॅम, एक अंडं, पाऊण कप आंबट ताक, अर्धं पिकलेलं केळं, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. सोडा अगदी शेवटी, पहिलं धिरडं घालायच्या क्षणी.

पाव चमचा सोडा जेमतेम सव्वा ग्रॅम भरतो. ताकातलं लॅक्टिक आम्ल पुरेसं असेल तर त्यातून सुमारे ३५० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे मिश्रणाएवढाच. मैद्याच्या पिठात हा वायू ग्लुटेनच्या पडद्यांत कोंडला जातो. इथे त्याला थोपवून धरतो तो बुळबुळीतपणाच. दाट, चिकट पिठात बुडबुडा सावकाश वर चढतो, आणि तो पृष्ठभागी पोचेपर्यंत अंडं गोठायला लागलेलं असतं. फुटलेला बुडबुडा मग बुजत नाही, भोक उघडंच राहतं. घावनाला जाळी पडली म्हणतात, तशी ही जाळी. घावनात ती वाफेनं पडते, इथे वायूनं; उलटायची खूण मात्र एकच. जाळी पडली, कडा सुकल्या की कालथा घालायचा.

सोडा जास्त झाला तर? आम्ल संपतं, सोडा उरतो आणि तापल्यावर त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. म्हणजे धुण्याचा सोडा. साबणासारखी चव येते ती तेव्हा.

बिडाच्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायची आईची पद्धत इथेही चालते, फक्त उत्तर वेगळं वाचायचं. थेंब चर्र करून विरला तर ठीक. तो मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला, तर त्याच्याखाली वाफेची गादी तयार झाली आहे आणि तवा दोनशे अंशांच्या घरात गेला आहे. पातळ घावनाला एवढी आच मानवते. जाड पॅनकेक बाहेरून करपून आत गिचका राहतो. आच कमी ठेवूनही रंग येतोच, कारण केळ्यातली आणि ताकातली साखर प्रथिनांशी जुळून तपकिरी, खमंग द्रव्यं बनवते. लुई-कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. किंचित अल्कधर्मी पिठात ती वेगानं होते, म्हणून सोड्याचं धिरडं लवकर लालसर होतं.

आता फळं. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की तिच्यासारखं सोपं काही नाही. चिरायची, दोन चमचे पिठीसाखर भुरभुरवायची आणि वीस मिनिटं विसरून जायचं. साखर फोडींमधलं पाणी बाहेर ओढते आणि बशीत तयार पाक जमतो. गॅसवर ठेवू नये; वासही जातो आणि तो लाल रंगही मळकट होतो. (स्ट्रॉबेरीवर जे पिवळे ठिपके बिया म्हणून आपण खातो, ती वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं एकेक स्वतंत्र फळं आहेत. लाल गर म्हणजे फुलाचा सुजलेला देठाकडचा भाग.) अननस घ्यायचा आणि सोबत घोटलेला चक्काही, तर अननस आधी दोन-चार मिनिटं परतून घ्या. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन दुधाची प्रथिनं तोडतं आणि चक्का कडू होतो.

जूनमध्ये मुलीनं जांभळाचे तुकडे थेट पिठात ढकलले. जांभळा पॅनकेक होईल अशी तिची अटकळ. तव्यावर प्रत्येक तुकड्याभोवती हिरवट-राखाडी कडं उमटलं, बुरशी आल्यासारखं. जांभळाचा रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा. ही द्रव्यं आम्लात लाल, अल्कात निळी-हिरवी होतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो किंवा हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तसलाच हा प्रकार. त्या दिवशीचं ताक गोडसर होतं, सोडा उरला होता, आणि जांभळानं ती चुगली केली. त्यावर लिंबू पिळल्यावर कडा पुन्हा गुलाबी झाल्या. तिसऱ्या लिंबानंतर मला तिला थांबवावं लागलं.

राहता राहिले बाबा. बीटा-ग्लुकान आतड्यात जाऊनही आपला चिकट स्वभाव सोडत नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, एरवी ती आतड्यातून परत शोषली जातात. या चिकट लगद्यात अडकली की बरीचशी बाहेर टाकली जातात, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान घेतलं तर वाईट कोलेस्टेरॉल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका घटण्याबाबतचा दावा छापायला परवानगी दिली ती याच मात्रेच्या आधारावर. पाच टक्के म्हणजे औषध बंद करण्याइतकं नव्हे. शिवाय बारीक दळलेल्या ओट्समधली साखर पोह्यांच्या मानानं रक्तात लवकर उतरते, वर मधाची धार धरली तर विचारायलाच नको.

हिशेब असा : ओट्समध्ये सुमारे चार टक्के बीटा-ग्लुकान, म्हणजे आमच्या एका घाण्यात ३.६ ग्रॅम. घाण्यात सहा धिरडी होतात. तीन ग्रॅम पोटात जायचे तर सहातली पाच बाबांनी एकट्यानं खायला हवीत. परवा त्यांनी खाल्ली. चार स्ट्रॉबेरीशी, आणि पाचव्याला लसणाची चटणी मागून घेतली.