घोळीचं बोत आणि कोरियाचं धनुष्य

घोळ मासा कापताना दिवाळ्याच्या कोळीवाड्यातले माझे मामा सगळ्यात आधी बोत सांभाळून बाजूला काढायचे. माशाच्या पोटातली ही हवेची पिशवी सुकवली की मासळीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने जाते. कोरियात याच कुळातल्या माशाच्या बोताचा सरस करतात आणि त्या सरसाने तिथलं पारंपरिक धनुष्य जोडतात. 'वॉर ऑफ द ॲरोज' हा २०११चा कोरियन चित्रपट पाहिल्यावर मी या धनुष्याचा शोध घेत गेलो, तेव्हा हे कळलं.

दिग्दर्शक किम हान-मिन यांच्या या चित्रपटाची गोष्ट १६३६ सालातली. त्याच वर्षी शहाजीराजांना आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या माहुलीच्या किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाहीच्या फौजांनी कोंडलं आणि निजामशाही बुडाली. डिसेंबरात तिकडे मांचू फौज कोरियात घुसली. राजा इंजो डोंगरी किल्ल्यात अडकला आणि पुढच्या वर्षी शरण गेला. चित्रपट मात्र राजाकडे फिरकत नाही. नाम-यी नावाच्या तरुणाच्या बहिणीला भर लग्नातून मांचू सैनिक पकडून नेतात आणि तो धनुष्य घेऊन मागे धावतो, एवढीच गोष्ट. नाम-यी झालेला पार्क हे-इल हा नट डोळ्यांनीच नेम धरतो.

मांचूंचे बाण जड, ढाल फोडणारे. नाम-यीकडे शेवटी उरतो तो आखूड बाण. तो इतका छोटा की पूर्ण ओढलेल्या धनुष्यावर टेकणारच नाही. म्हणून उभ्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीत तो ठेवायचा आणि पन्हळीसकट दोरी ओढायची. दोरी सोडली की बाण सुटतो, पन्हळ हातातच राहते. हलका असल्याने तो वेगाने जातो, येताना दिसत नाही आणि पन्हळ नसलेल्या शत्रूला उलट मारता येत नाही. कोरियात हे शस्त्र खरोखर होतं. झाडाला वळसा घालून जाणारा बाण मात्र पडद्यावरचाच. सुटलेला बाण थरथरत वाकतो हे खरं, पण इतका नाही.

रबाळे एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये माझी रोज स्प्रिंगांशी गाठ पडते, त्यामुळे धनुष्याच्या रचनेने मला वेड लावलं. ओढताना आतल्या बाजूला दाब येतो, बाहेरच्या बाजूला ताण. म्हणून आत रेड्याचं शिंग, मध्ये बांबू, बाहेर जनावराच्या नसा. दोरी उतरवली की धनुष्य उलट्या दिशेने जवळजवळ गोल वळतं. दोरी ओढायची ती अंगठ्याने. एकलव्याकडून द्रोणाचार्यांनी नेमकं काय काढून घेतलं, ते तेव्हा अंगावर आलं.

हे कसब कोरियाने मैदानावरही टिकवलं. त्यांच्या मुलींनी १९८८पासून पॅरिसपर्यंत दहाही ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीतलं सांघिक सुवर्ण सोडलेलं नाही. आपल्याकडे हे कसब साताऱ्यात दिसतं. प्रवीण सावंत यांच्या हाताखाली शिकलेली अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिरंदाजीत वरिष्ठ गटाचं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच दिवशी त्यांच्याच तालमीतला नागपूरचा ओजस देवतळेही जिंकला. दोघांचं धनुष्य चाकांचं, कंपाउंड, आणि त्याला ऑलिम्पिकमध्ये आजवर जागाच नव्हती. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारात ती पहिल्यांदा मिळते आहे.