पक्षी जवळ आणणारा सेन्सर

नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी ३०० मिमीची एकच लेन्स दोन डीएसएलआर कॅमेऱ्यांना आळीपाळीने लावली, तर एकात पाणकावळा मोठा आणि दुसऱ्यात लहान दिसू शकतो. याचे कारण लेन्समध्ये नसून सेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या चिपमध्ये असते. 'फुल फ्रेम' सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिमी असतो, तर 'एपीएस-सी' सेन्सरची रुंदी सुमारे २३ मिमी असल्याने तो लेन्सने पाडलेल्या प्रतिमेचा मधलाच भाग टिपतो आणि ३०० मिमीची लेन्स जणू ४५० मिमीची भासते. (विक्रेते याला 'जादा झूम' म्हणतात, ते खरे नव्हे.)

मात्र पेंचच्या जंगलात भल्या पहाटेच्या अंधुक उजेडात, पावसात वाटीपेक्षा परातीत अधिक पाणी साठावे तसा मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक जमा होतो, म्हणून छायाचित्रातील 'नॉइज', म्हणजे रवाळ ठिपके, कमी दिसतात. तरीही मोजक्या पैशांत पक्षी टिपू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराने एपीएस-सी कॅमेरा घेऊन उरलेली रक्कम चांगल्या लेन्सवर खर्च करणेच शहाणपणाचे ठरते.